पन्नास फुटांवरचं तळं

कॅम्पग्राउंडच्या रिकाम्या जागेवर सत्तरीची बाई उताणी पसरलेली दिसली, तर नवखा माणूस धावत जाऊन तिची नाडी बघेल. आमच्याकडचा जुना माणूस जागचा हलणार नाही. "आर्डिस टॉलेफसन आलेली दिसते," असं म्हणून तो आपल्या कॉफीकडे वळेल.

तंबू ठोकायच्या आधी त्या जमिनीवर स्वतः झोपून पाहायचं, हा आर्डिसचा पहिला नियम. डोक्याखाली मूळ टोचतंय का, कंबरेखाली खळगा आहे का, हे पाठीलाच कळतं. झोपल्या झोपल्या वर बघायचं, एखादी वाळकी फांदी नेमकी डोक्यावर लटकत नाही ना. मग उठून थर्मासचं झाकण काठोकाठ कॉफीनं भरून जमिनीवर ठेवायचं. कॉफी ज्या कडेनं सांडेल तिकडे उतार, म्हणजे पाऊस आला तर पाणीही तिकडेच जाणार. शेवटी नाक वर करून वारा हुंगायचा. संडास कुठे आहे ते नकाशा सांगतो, पण त्याचा वास कुठे जाणार हे नकाशाला कुठलं माहीत! एवढं सगळं झालं की वही काढायची, जागेचा नंबर लिहायचा आणि त्यापुढे दोन रकाने भरायचे. एक गुणाचा, एक दोषाचा. दोषाचा रकाना तिनं कधी कोरा ठेवला नव्हता. देवाच्या बागेत गेली असती तरी 'मुंग्या' असं लिहून आली असती.

आता जागा बघायची वेळ कुठली, तर संध्याकाळची. जेवणं उरकली की कॅम्पग्राउंडमधला जो तो गोल रस्त्यावर फेरी मारायला निघतो. म्हणायला पाय मोकळे करायला, खरं तर दुसऱ्याची जागा बघायला. शेकोटीजवळ बसलेल्यांना हात करायचा, "छान जागा मिळाली हो तुम्हाला," म्हणायचं, आणि मनातल्या मनात नंबर टिपायचा. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या आधी आपण पटकावू म्हणून. सगळेच हे करतात आणि सगळ्यांनाच ते माहीत असतं. आर्डिस तेच वही हातात घेऊन उघड उघड करायची.

सत्तेचाळीस उन्हाळे टॉलेफसनांच्या घरात जागा तिनंच निवडली. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर चारशे पोरांचं जेवण रांधलेली ही बाई घरात बाकी कशात फारसं नाक खुपसायची नाही. पडद्यांचा रंग नवऱ्यानं ठरवला, कुत्र्याचं नाव पोरीनं ठेवलं. पण जुलैतल्या आठ दिवसांसाठी तंबू कुठल्या तळ्याकाठी, कुठल्या झाडाखाली पडणार, हे मात्र आर्डिस ठरवणार. आणि तिची निवड कधी चुकली नाही. एका वर्षी असं वादळ झालं की शेजारच्या तीन तंबूंत पाणी शिरलं, लोक रात्रभर गाड्यांत कुडकुडत बसले, आणि टॉलेफसनांची पोरं सकाळी कोरड्या गादीवर आळोखेपिळोखे देत उठली. त्या सकाळी आजूबाजूचे लोक येऊन आर्डिसच्या जागेकडे नुसते बघत उभे राहिले होते.

तिचा नवरा व्हर्लिन हा विजेच्या तारांवर काम करणारा गडी. बर्फाच्या वादळात तारा तुटल्या की लोक शेगडीजवळ सरकायचे आणि हा खांबाकडे निघायचा. त्यामुळे सुटीत त्याला वीज डोळ्यांसमोर नको असायची. "वर्षभर तारा बघतो बाई, आठ दिवस तरी आभाळ मोकळं दिसू दे," म्हणायचा. सगळ्या तळ्यांवर प्लग लावायचे छातीएवढे विजेचे खांब वरच्या अंगाला असतात, रस्त्याकडे, जिथे घरगाड्या ओळीनं उभ्या राहतात. पाणी असतं खालच्या अंगाला, तिथे तंबू. व्हर्लिन आणि आर्डिस कायम खाली. वर असायचा व्हर्लिनचा धाकटा भाऊ ड्वेन, आपल्या अडतीस फुटी घरगाडीत. त्या गाडीत फ्रीज आहे, टीव्ही आहे, कपडे धुवायचं मशीन आहे. घरात जे जे आहे ते सगळं बरोबर घेऊन हा माणूस घरापासून लांब जातो.

मग व्हर्लिनच्या फुप्फुसांनी दगा दिला. मागचा अख्खा जुलै तो इस्पितळात होता. घरी आला तो ऑक्सिजनच्या मशीनसकट. मशीन भिंतीतल्या विजेवर चालायचं, घुं घुं करायचं, आणि त्यातून निघालेली बारीक नळी व्हर्लिनच्या नाकापर्यंत यायची. नळीची लांबी पन्नास फूट. स्वयंपाकघर, संडास, खिडकीजवळची खुर्ची, एवढं त्याचं जग. तीन जिल्ह्यांना वीज पोचवलेल्या माणसाला आता श्वास घ्यायलासुद्धा वीज लागत होती. त्यावर तो स्वतःच विनोद करायचा, पण दिवसातून एकदाच.

फेब्रुवारीत एका दुपारी खिडकीतून बर्फाकडे बघत तो म्हणाला, "आर्डिस, मला एकदा पाण्यात पाय सोडून बसायचंय."

"टबात भरून देऊ?"

"आर्डिस."

"कळलं रे. गंमत केली."

तिला कळलं होतं म्हणूनच गंमत केली होती. डॉक्टरांनी उन्हाळ्याबद्दल हो म्हटलं होतं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याबद्दल काहीच म्हटलं नव्हतं.

तिनं जुन्या वह्या काढल्या. नातवंडांच्या तंबूंना मऊ जमीन हवी, पोरगी जोलीन आणि तिच्या लहानग्यांना वाळूचा काठ हवा, ड्वेनच्या धुडाला वळायला जागा हवी, आणि व्हर्लिनसाठी पाण्यापासून पन्नास फुटांच्या आत विजेचा खांब हवा. पहिल्या तीन गोष्टी पुष्कळ ठिकाणी होत्या. चौथी कुठेच नव्हती. सत्तेचाळीस वर्षांच्या वह्यांत एकही जागा बसेना. शिवाय मागच्या जुलैत ती कुठे गेलीच नव्हती, त्यामुळे फेरी नाही, टिपण नाही. वहीचं पान पहिल्यांदाच कोरं होतं, आणि बुकिंग चार महिने आधी सुरू होतं, म्हणजे मार्चात. आठ वाजता सुरू होतं आणि आठ वाजून एक मिनिटानं चांगल्या जागा संपलेल्या असतात.

जोलीननं कॉम्प्युटरवर शोधता शोधता बर्टा लेकचा नकाशा काढला. "आई, हे बघ. इथे नवे खांब बसवलेत. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. अगदी निळ्याला चिकटून."

"निळा रंग काय, कुणीही फासतं," आर्डिस म्हणाली. "पाठ टेकल्याशिवाय मी जागा घेत नाही."

"मार्च आहे, आई. कंबरभर बर्फ असेल तिथे."

"मग पाठ गार पडेल. चल."

तीन तास गाडी हाकून दोघी पोचल्या. फाटकाला साखळी होती. जोलीन हीटर लावून गाडीतच बसली. आर्डिसनं बर्फावर चालायचे रुंद जोडे पायांना बांधले आणि एकटीच आत गेली. बर्फातून विजेच्या खांबांची नुसती डोकी वर आलेली होती. २९ नंबरचं डोकं सापडलं. त्याला पाठ लावून ती काठाकडे पावलं मोजत निघाली. तिची दोन पावलं म्हणजे पाच फूट. वीस पावलांत झाडं संपली आणि समोर तळं उघडलं.

नुसतं पांढरं होतं. डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं, आणि फार लांब पैलतीराच्या पाईनची काळी रेघ. त्या पांढऱ्यावर ऊन पडलेलं होतं आणि सगळ्या तळ्यावर कुणाचं पाऊलसुद्धा उमटलेलं नव्हतं. आर्डिस तिथेच बर्फात उताणी झाली. इतकं शांत होतं की तिला स्वतःच्या कानातला रक्ताचा आवाज ऐकू यायला लागला. एवढं मोठं काही पाहिलं की आपलं दुःख लहान वाटतं, असं लोक म्हणतात. आर्डिसला तसलं काही वाटलं नाही. तिला वाटलं, हे व्हर्लिननं बघायलाच हवं. डोळ्यांतून पाणी आलं ते कानात जाऊन गार झालं तेव्हा ती उठली.

आता खरं सांगायचं तर त्या पांढऱ्याकडे बघून आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही शंका यायला हवी होती. मार्चात कुठल्याही तळ्यावर मासे धरणाऱ्यांची लाकडी खोपटी असतात, बर्फाला पाडलेली भोकं असतात, गाड्यांच्या चाकोऱ्या असतात. इथे त्यातलं काही नव्हतं. आणि आर्डिसला, दोष शोधण्यात उभी हयात घालवलेल्या आर्डिसला, त्याचाच आनंद झाला. तिनं वही काढून लिहिलं, '२९. वीस पावलं.' दोषाचा रकाना सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कोरा राहिला.

बुकिंगच्या सकाळी जोलीननं तिन्ही जागा पटकावल्या. त्यानंतर चार महिने घरात बर्टा लेकशिवाय दुसरा विषय नव्हता. आर्डिस सांगायची आणि व्हर्लिन खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून ऐकायचा. "किती मोठं?" तो विचारायचा. "मला शेवट दिसेना," ती म्हणायची. आणि मग तो पुन्हा विचारायचा.

जुलैत दोन गाड्यांचा आणि एका अडतीस फुटी धुडाचा तांडा निघाला. शेवटचं वळण आलं तसं व्हर्लिननं टोपी डोळ्यांवर ओढली.

"सांगू नकोस," तो म्हणाला. "उतरल्यावर बघतो."

प्रवासातला लहान ऑक्सिजनचा सिलिंडर सांभाळत आर्डिसनं त्याला हात धरून खाली उतरवलं. खांबापासून झाडांच्या कडेपर्यंत नेऊन उभं केलं. मग तिनं स्वतः वर पाहिलं.

तळं नव्हतं.

जिथे पांढरं होतं तिथे आता हिरवं होतं. काठापासून पार समोरच्या टोकापर्यंत छातीभर उंचीचं, दाट, सारखं, वाऱ्यावर हलणारं हिरवं. रानभात. उथळ पाण्यात आपोआप उगवणारा, आमच्या उत्तरेकडच्या प्रत्येक स्वयंपाकघरात असणारा रानभात. नकाशावरचं निळं खोटं नव्हतं, मार्चातलं पांढरंही खोटं नव्हतं. पण ती तळ्याची नुसती खाडी होती, गढूळ आणि उथळ, आणि उन्हाळ्यात ती भातानं भरून जायची. खरं मोकळं पाणी टोकाच्या पलीकडे होतं, अर्ध्या मैलावर.

"आजी, तळं कुठाय?" मागून एका नातवंडानं विचारलं.

ड्वेन आपल्या गाडीतून उतरला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि पोट धरून हसला. "वहिनी! तळं कुठे ठेवलंस? बॅगेत राहिलं का? अगं, सप्टेंबरात तरी आणायचंस आम्हाला, पोतंपोतं भात झोडून नेला असता!"

"गप रे," आर्डिस म्हणाली.

"नाही, पण मला सांग, मार्चात आली होतीस ना? मासेवाल्यांचं एखादं तरी खोपट दिसलं होतं?"

आर्डिसनं तोंडावर हात ठेवला.

"नाही ना? जिथे मासेवाला बसत नाही तिथे पाणी ते कितीसं असणार? अगं, तुला हे मी सांगायचं?"

"ड्वेनकाका, पुरे," जोलीन म्हणाली.

व्हर्लिननं टोपी वर केली होती. तो त्या हिरव्याकडे बघत होता. रागावला असता तर बरं झालं असतं, हसला असता तरी चाललं असतं. तो एवढंच म्हणाला, "प्लग कुठाय? सिलिंडर संपत आलाय."

त्या दिवशी आर्डिस जमिनीवर आडवी झालीच नाही. तिनं मुकाट्यानं तंबू उभा केला, आत खाट मांडली, मशीन लावलं, आणि तडक ऑफिसात गेली. तिथल्या मुलीनं सगळी यादी बघून मान हलवली. मोकळ्या पाण्याच्या कडेला विजेचे खांब नाहीत आणि जिथे खांब आहेत तिथे एकही जागा रिकामी नाही. परत येताना गोल रस्त्यावर लोक हात करत होते, "छान जागा मिळाली हो तुम्हाला," असं म्हणत होते. आर्डिसला वाटलं, ह्या सगळ्यांना ठाऊक आहे.

संध्याकाळी जोलीनच्या जागेवर शेकोटी पेटली. ऑक्सिजनची नळी आगीजवळ न्यायची नसते, म्हणून व्हर्लिन लांब, तंबूच्या दाराशी बसला होता. आर्डिसनं त्याला बटाटे-खिम्याच्या हॉटडिशची बशी नेऊन दिली. स्वतः जेवली नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला आणि जेवायला लागला.

एकमेकांची समजूत काढायची सवय त्या दोघांना कधीच नव्हती. डासांनी मात्र दोघांचा सारखाच समाचार घेतला.

आर्डिसला जाग आली तेव्हा तंबूचं कापड उजळलं होतं आणि शेजारची खाट रिकामी होती.

मशीन घुं घुं करत होतं. नळी खाटेवरून खाली, तिथून तंबूच्या उघड्या दारातून बाहेर गेलेली. आर्डिस अनवाणी बाहेर आली. नळी दवानं ओल्या गवतावरून सरळ काठाकडे गेली होती आणि धुक्यात नाहीशी झाली होती. तिनं खाली वाकून ती बोटांनी चाचपली. नळी जवळजवळ ताणलेली होती. ती त्या नळीच्या मागोमाग धावत सुटली. वीस पावलं. आयुष्यात तिनं इतकी लांब वीस पावलं टाकली नव्हती.

व्हर्लिन अगदी काठावर घडीच्या खुर्चीत बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि पाय घोट्यांच्या वरपर्यंत पाण्यात. नळीला जेमतेम हातभर ढील उरली होती.

"तू... सांगायचं नाहीस? पडला असतास म्हणजे?"

"नाही पडलो. बस."

"थांब, कॉफी ठेवते आधी."

"आर्डिस, बस म्हणतो ना."

ती ओल्या गवतावर बसली. पाय सोडले. पाणी कोमट होतं, कालच्या उन्हाचं. तळाचा चिखल बोटांमधून वर आला. आणि तिनं समोर पाहिलं.

उभं राहिलं की हिरवं दिसत होतं. बसल्यावर डोळे भाताच्या बुंध्यांच्या उंचीला आले होते, आणि बुंध्यांच्या मधून, जिथवर नजर जाईल तिथवर, पाणी होतं. एकेका काडीच्या पायाशी पाणी. त्यात गुलाबी आभाळ उतरलेलं, त्यावर धुकं फिरत होतं. लाखो हिरव्या काड्या त्या आभाळात उभ्या होत्या. वारा आला की वरून पात्यांचा सळसळाट व्हायचा आणि खालून, अगदी पायांजवळून, पाणी काड्यांवर आपटल्याचा बारीक आवाज यायचा. सबंध खाडीभर तो आवाज चालला होता. आर्डिसनं सत्तेचाळीस वर्षांत तळ्याचे पुष्कळ आवाज ऐकले होते, हा कधी ऐकला नव्हता.

"काल तू इथे पाठ टेकली नाहीस," व्हर्लिन म्हणाला. दोन वाक्यांमध्ये तो थांबून श्वास घेत होता. "टेकली असतीस तर तेव्हाच दिसलं असतं."

"तुला कधी दिसलं?"

"पहाटे खाटेवर कूस बदलली तेव्हा. दार उघडंच होतं."

तेवढ्यात समोरचा भात हलला. वारा नव्हता, तरी एक रेघ ओढल्यासारखी हिरव्यातून त्यांच्याच दिशेनं येत होती. शेवटची पाती बाजूला झाली आणि पांढरी शुभ्र मान बाहेर आली. हंस. बसलेल्या व्हर्लिनच्या डोक्याइतकी उंच मान. त्याच्यामागे राखी रंगाची पिल्लं, एकामागून एक. आर्डिस श्वास रोखून मोजत होती: चार, पाच, सहा. आणि सगळ्यांच्या मागे मादी. नरानं चार हातांवर थांबून ह्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्याच्या मानेवरून पाण्याचा एक थेंब घरंगळत खाली आला तोही दिसला. मग त्यानं काय ठरवलं कोण जाणे, तो वळला आणि आपलं सगळं कुटुंब घेऊन त्यांच्या पायांसमोरून, सावकाश, भात खुडत खुडत गेला. पिल्लांच्या पायांनी ढवळलेलं पाणी आर्डिसच्या पायांना लागलं.

आर्डिसला एवढंच वाटत राहिलं की आपण ह्या जगात इतकी वर्षं हिंडलो आणि जग हे असं आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. दरवर्षी तळ्याकाठी बसायच्या वेळी ती वही घेऊन पुढच्या वर्षाची जागा शोधत फिरायची. काठावर व्हर्लिन एकटाच असायचा.

मागे पावलं वाजली. ड्वेन कॉफीचा मग घेऊन आला होता, तोंडात एखादा ताजा टोमणा घेऊनच आला असणार. त्यानं हंस पाहिले, भावाचे पाण्यातले पाय पाहिले, आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली. टोपीशिवाय ड्वेन आर्डिसला आजवर फक्त चर्चमध्ये आणि सासूबाईंच्या अंत्यविधीला दिसला होता. मग तो जसा आला तसा परत गेला. थोड्या वेळानं पाहिलं तर हा माणूस तंबूपासून काठापर्यंत गुडघ्यांवर सरकत नळीच्या कडेनं छोट्या काठ्या रोवत होता आणि प्रत्येक काठीला नारिंगी फीत बांधत होता.

"पोरं धावतात," तो आर्डिसकडे न बघता पुटपुटला. "नळीवर कुणाचा पाय पडायचा."

त्यानंतर रोज व्हर्लिन पहाटे त्या फितींच्या कडेनं काठावर गेला. नातवंडं दिवसभर लांबच्या वाळूवर असायची, पण सकाळी आळीपाळीनं आजोबांच्या खुर्चीशेजारी येऊन कुजबुजत बसायची. जी पोरं जेवायला बसताना भांडायची तीसुद्धा तिथे गप्प असायची. आर्डिस रोज बसली. कॉफी नंतर ठेवली.

फेरीला मात्र ती एकाही संध्याकाळी गेली नाही. कुणी विचारलं तर पाय दुखतात म्हणायची. व्हर्लिननं सात दिवस ते चालू दिलं. शेवटच्या संध्याकाळी त्यानं विचारलं, "वही कुठाय?"

"असेल बॅगेत. कशाला?"

"फेरीला गेली नाहीस."

"पाय दुखतात."

"दुखत नाहीयेत."

आर्डिस नळीच्या कडेच्या फितींकडे बघत राहिली. व्हर्लिन थांबला, श्वास घेतला. "पुढच्या वर्षीची जागा कोण बघणार? ड्वेन? तो नेऊन ठेवेल सगळ्यांना रस्त्याच्या कडेला. जा, बघून ये."

ती गेली. सवयीनं पाय आपोआप वळत होते. लोक हात करत होते, तीही हात करत होती. तंबूंच्या भागात चौदा नंबरपाशी ती थांबली. तिथले लोक दुपारीच गेले होते. सपाट जागा, भुसभुशीत जमीन, डोक्यावर निरोगी झाडं, आणि समोर मोकळं, खोल, निळं पाणी. लून पक्ष्यांची जोडी मध्यभागी तरंगत होती. ती आडवी झाली. एकही मूळ टोचलं नाही. झाकणातली कॉफी थेंबभर सांडली नाही. इतक्या वर्षांत इतकी निर्दोष जागा तिला मिळाली नव्हती. तिनं पेन्सिल काढली आणि विजेच्या खांबासाठी इकडेतिकडे पाहिलं. खांब कुठेच नव्हता. चौदा नंबर वहीत लिहायचा म्हणजे तिथे कोण झोपणार तेही लिहायचं, आणि कोण झोपणार नाही तेही. ती पेन्सिल तशीच हातात धरून बराच वेळ बसली.

परत आली तेव्हा व्हर्लिन वाट बघत होता.

"सापडली?"

"चौदा चांगली आहे. फारच चांगली आहे."

"प्लग?"

"नाही."

त्यानं नाकाजवळची नळी नीट केली. मग म्हणाला, "लिहून ठेव. कधीतरी तुला लागेल."

"व्हर्लिन."

"नुसती लिहून ठेव गं."

आर्डिस त्याच्या शेजारी खाली बसली. वही मांडीवर उघडली आणि लिहायला लागली. लिहून झाल्यावर वही त्याच्या हातात दिली. व्हर्लिननं चष्मा वर केला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. चौदा नंबर कुठेच नव्हता. पुढच्या वर्षाच्या पानावर तिनं ठळक अक्षरांत '२९' लिहिलं होतं. दोषाचा रकाना भरलेला होता: 'डास. गढूळ. उभ्यानं तळं दिसत नाही.'

आणि गुणाच्या रकान्यात दोनच शब्द होते.

'नळी पुरते.'